नातवाची दुर्बीण

बाबा, तुमच्या नातवाला दुर्बीण घेतली. दहावा वाढदिवस, त्याने दुसरं काही मागितलंच नाही. दुकानातला मल्याळी माणूस आधी लांबलचक नळीच्या दाखवत होता. मग म्हणाला, मॅडम, बच्चे के लिए बड़े मुँहवाला लीजिए, रोशनी ज़्यादा आएगी. रोशनी म्हटल्यावर मी पुढचं काही ऐकलंच नाही, तीच बांधून घेतली. नवऱ्याने खोकं गाडीत नीट ठेवलं. मग म्हणाला, "दिसतंय तोवर बघू दे."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय, आधी रात्रीचं दिसणं जातं, मग कडेकडेचं, मग बाकीचं. हे आजोबांकडून आईमार्फत मुलाकडे येतं म्हणे. मधली मी, आणि माझे डोळे ठणठणीत! दुबईत, करामातल्या आपल्या संध्याकाळी मला तेव्हा कळल्या. मगरिबच्या अजानीआधीच तुम्ही दुकान नोकरावर सोडायचात, मी न्यायला यायचे, आणि "हात सोडू नकोस, पडशील" म्हणत तुम्ही माझी बोटं घट्ट धरायचात. बाप पोरीला किती जपतो, असं शेजारी म्हणायचे. संकष्टीला चंद्र उगवला का ते बघायला गच्चीवर मलाच पिटाळायचात. एकदा तर समोरच्या बांधकामावरच्या दिव्याला हात जोडून "दिसला" म्हणालात, आणि आई नि मी पोट धरून हसलो. तुम्हीही हसलात. तेव्हा तरी सांगायचंत ना! राग येतो मला तुमचा. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आता तो काढायचा कुणावर?

काल संकष्टी होती. आम्ही शारजात राहतो, अल मजाजला. बाल्कनीतून चंद्र समोरच्या टॉवरच्या चांगला वर आलेला दिसत होता. मी नळी अंदाजाने तिकडे वळवली, त्याला स्टुलावर बसवलं, यल्ला, बघ आता म्हटलं. तो कितीतरी वेळ डोळा लावून बसला. मग चाचपडत माझा हात शोधला आणि म्हणाला, "आई, आय सी इट. सो ब्राइट."

मी वाकून पाहिलं तर आत मिट्ट काळोख. नळीच्या तोंडावरचं झाकण मी काढलंच नव्हतं.

छान आहे ना, म्हटलं. चंद्राला हात जोडले आणि पोराच्या पानात मोदक वाढला. पाठवायला पत्ता नाही म्हणूनच हे तुम्हाला सांगतेय, नवऱ्याला सांगितलेलं नाही. झाकण काढून त्याला पुन्हा बसवायचा धीर होत नाही, बाबा. ते अजून तसंच आहे.