टोचल्याचा वण

चाकण, मंगळवार, १२ मार्च १९५७

चुलतसासरे बापू जिंकले. ओट्यावर सुपारी कातरत बसलेत, अडकित्त्याचा आवाज इथवर येतोय.

आज देवी टोचणारा डॉक्टर दारात आला आणि बापू आडवे आले. धाकट्या जावेच्या सुमीला टोचायचं नाही. का? तर म्हणे, "माझ्या आज्यानं कधी टोचून घ्येतलं न्हाई. नव्वदी गाठली त्यानं!"

मी विचारलं, "आणि त्यांची भावंडं, बापू?"

सगळी देवीनेच गेली. मेलेले वाद घालायला येत नाहीत, म्हणून एकटा आजा साक्षीला! म्हातारा तोंड फिरवून उपरणं झटकायला लागला. मला बरं वाटलं, का खोटं लिहू?

मग माझ्याकडे वळून सावकाश म्हणाले, "तुझ्या बाळूला तर टोचलं व्हतं. चांगला दंडावर वण व्हता. जगला का?"

हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतंच. पण जावेने सुमीला पदराआड ओढलं, सासूबाई म्हणाल्या, "व्हय की," आणि वाद मिटला. डॉक्टर पेटी उचलून पुढच्या घरी गेला. उद्या गावात देवी आली तर त्या आज्यालाच बोलवा म्हणावं.

व्हय की! बाळू काय देवीने गेला? तो विहिरीत बुडाला, हे या घरात कुणाला ठाऊक नाही? बापूंना तर सगळ्यांच्या आधी. तेच खाली उतरले होते. तो वण त्यांच्या लक्षात राहिलाय तोही त्यामुळेच. त्याच दंडाला धरून त्यांनी माझ्या पोराला वर काढलं.