लाल रेघ

सोमवार, ४ मार्च

काढली एकदाची! सायकल. अकरा महिने गॅलरीत, वरून जुनी चादर. पुढचं चाक पार बसलेलं, चेनला गंज, सीटखाली कोळ्यानं संसार थाटलेला. त्याला हाकलताना उगाच अपराधी वाटलं — या घरात माझ्याशिवाय राहणारा तो एकटाच.

रविवारी डोंगरावर जायचं. एकट्यानं. लिहून ठेवतो, म्हणजे शब्द फिरवता येणार नाही.

मंगळवार, ५ मार्च

दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासायची, घरी येऊन भिंतीकडे बघत बसायचं. आज येताना ट्यूब आणि चेनचं तेल घेतलं. सायकलवाला म्हणाला, "जोडीदार कुठायत तुमचे?" म्हटलं, खांदा दुखतो त्यांचा. "अजून?"

अजून.

बुधवार, ६ मार्च

चेन रॉकेलनं धुतली, दातांच्या जुन्या ब्रशनं. ब्रेकचे रबर झिजलेत, बदलले. घरात दिवसभरात तोंडातून निघालेला एकच शब्द — "अरेच्चा!" तोही ब्रेकला उद्देशून.

गुरुवार, ७ मार्च

ताईचा फोन. "येतच नाहीस रे. काय घोडं मारलंय आम्ही तुझं?" म्हटलं, दुकानात गर्दी. "अकरा महिने? सगळं गाव आंधळं झालं की काय!" हसलो. मग म्हणाली, "हे विचारत असतात तुझं."

दाजी विचारतात!

"यांचा उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. वरच्या फळीवरचं सगळं मीच काढून देते. मेला तो दगड, चाकाखाली आला नि यांना पाडलं!" ती दगडाला शिव्या घालते आणि मी मूग गिळून ऐकतो. दर फोनला हेच.

शुक्रवार, ८ मार्च

लिहूनच टाकतो. दगड नव्हता.

आमचा नियम होता — आपली सायकल आपण तपासायची नाही. दाजींची मी, माझी दाजींनी. नियम त्यांचाच. "आपली चूक आपल्याला दिसत नाही, दुसऱ्याची कशी झटकन दिसते!" आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर ताईच्या लाल नेलपॉलिशची रेघ मारायची, बोल्टवरून खालच्या नळीपर्यंत. बोल्ट फिरला तर रेघ तुटते, लांबूनही कळतं. आणि रेघ असली की दुसऱ्यानं पुन्हा पाना लावायचा नाही. विश्वास म्हणजे विश्वास.

त्या सकाळी दाजींचं हँडल सरळ करायला मी दोन्ही बोल्ट ढिले केले. हँडल सरळ झालं. बाटली उघडी होती, ब्रश वाळत होता. म्हटलं, आधी रेघ मारून घेऊ, आवळू मग. मारली. तेवढ्यात दाजींनी माझ्या नव्या हेल्मेटवरून काहीतरी विनोद केला, मी हसत सुटलो — आणि विसरलो! त्यांनी रेघ बघितली आणि निघाले. चढावर टिकलं कसंबसं. उतारावर पहिल्याच वळणाला हँडल हातात फिरलं आणि दाजी उजव्या खांद्यावर आपटले.

दवाखान्यात ताईला दाजीच म्हणाले, "चाकाखाली दगड आला." मला वाटलं, त्यांना काही कळलंच नाही. सुटलो! हो, हाच शब्द मनात आला होता. विसरल्यापेक्षा त्या शब्दाची लाज जास्त वाटते. तेव्हापासून त्यांच्या दारात गेलो नाही. ताईच्या घरातलं सगळं आठवतं — पलंगाची करकर, दाजींचा खोकला, ताईची बडबड. फार आठवण येते.

शनिवार, ९ मार्च

पंप, पाना, पाणी, जादा ट्यूब, नेलपॉलिशची ती जुनी बाटली — पिशवी भरली. हवा भरली, ब्रेक दाबून बघितले. हँडलच्या बोल्टांना सात वेळा पाना लावला. तरी खात्री वाटेना. माझीच नजर, माझीच सायकल!

शेवटी उठलो आणि ताईकडे गेलो. सांगायचंच, असं ठरवून. दाजी नव्हते, खांद्याच्या व्यायामाला गेलेले. ताईला सांगावं म्हटलं, तेही जमलं नाही. निघताना एवढंच बोललो, "दाजींना सांग, उद्या सहाला निघतोय. सायकल तपासायला कोणी नाही."

"त्यांना आता कुठलं जमतंय रे!" ताई म्हणाली. काढता पाय घेतला. कोण येतंय!

रविवार, १० मार्च

पावणेसहाला बेल. दाजी! सरळ सायकलपाशी खाली बसले. डाव्या हातानं एकेक बोल्ट आवळून बघितला. मी म्हणालो, "दाजी, तो दगड..." नेलपॉलिशची बाटली माझ्या हातातून घेत ते म्हणाले, "आधी आवळायचं. मग रेघ."

म्हणजे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं; अकरा महिने ते माझी वाट बघत होते.