चुकीच्या पत्त्याची पेटी

४ मार्च

लागलं! सगळा लॉट आमच्याकडे आला. वेबसाइटची चाळीसएक नावं, एकूण एक चुकलेली. चपलांच्या दुकानांची, औषधवाल्यांची, एका विमानकंपनीचं तर दोन तऱ्हांनी चुकलेलं. शेवटच्या मिनिटाला कुणीतरी बोली वाढवली, तेव्हा मेहुण्याने माझ्या हातातला माउस हिसकावला. "भावजी, विचार नंतर करा, आधी दाबा!"

इतकी वर्षं मुद्रितं तपासली. चूक दिसली की काढायची. आता चूक दिसली की विकत घ्यायची. माणसं घाईत एखादं अक्षर गाळतात आणि भलत्याच पानावर येतात. तिथे आमच्या जाहिराती असतात. नाहीतर मूळ कंपनीच वैतागून नाव मागते. मेहुणा म्हणतो, लोकांची बोटं घसरतात म्हणून आपल्या चुली पेटतात.

५ मार्च

यादी नीट पाहिली. त्यात बायकोच्या कंपनीचं नाव आहे. मधलं एक अक्षर गळलेलं. वजनकाटे बनवणारी साधी कंपनी, ती तिथे हिशेब बघते. अशा कंपनीचंही नाव चुकवून कुणीतरी राखून ठेवलं होतं! मेहुणा खो खो हसला. "ताईला सांगू?" म्हटलं, मी सांगतो.

जेवताना सांगायचं ठरवलं होतं. तिने भाजीत मीठ कमी आहे म्हटलं. मग राहिलं.

९ मार्च

त्या नावाला पेटी जोडली. चुकलेल्या पत्त्यावर कुणी मेल पाठवला की तो आमच्याकडे पडतो. नाव विकताना दाखवावं लागतं, किती येतात ते. वाचायचे नसतात, मोजायचे असतात.

वाचले. एकाचा काटा रिकामा असतानाही दोनशे ग्रॅम दाखवतो. एकीने विचारलंय, तुमचा काटा फक्त माझ्याच बाबतीत खोटं का बोलतो. उत्तर द्यायचा मोह झाला.

१२ मार्च

एक मेल तिच्या नावाने. जागा दाखवणाऱ्या एजंटचा. "मॅडम, फोनवर बोललो त्याप्रमाणे एक खोली आणि स्वयंपाकघर. सकाळचं ऊन येतं. एकट्या बाईला द्यायला मालकांची हरकत नाही."

कोण एकटी बाई?

१३ मार्च

ती नेहमीसारखीच. चहाचं गाळणं सापडेना म्हणून मला बोलली. गाळणं माझ्याच हातात होतं.

१४ मार्च

मावशीसाठी बघत असेल. तिची मावशी एकटी असते. पण मावशीला ऊन सोसत नाही. मग लेकीसाठी? लेक हॉस्टेलवर खूश. तरी फोन केला. आडून विचारलं, ते सगळं सोडून इकडे यायचं मनात आहे का.

"बाबा, तुम्हाला बरं नाहीये का?"

घरचा मेल आमचा दोघांचा एकच आहे. म्हणून तिने ऑफिसचा पत्ता दिला असणार. म्हणजे मला कळू नये म्हणून. म्हणजे—? सरळ विचारता येईल. पण विचारायचं काय! तुझे मेल मी वाचतो, त्यातलं हे काय आहे, असं?

१८ मार्च

दुसरा एजंट. तोच पत्ता, तेच अक्षर गळलेलं. यात नवल नाही. माणसं सगळी एकसारखीच चुकतात, आमचा धंदा त्यावरच उभा आहे.

याने फोटो जोडलाय. रिकामी खोली. भिंतीत एक खिळा, त्याखाली फिकट चौकोन. तिथे आधी काय टांगलं असेल? फोटो मोठा करून पाहिला. खिडकीपाशी एक खुर्ची मावेल. ओढूनताणून दोन.

१९ मार्च

मेहुण्याशी बोललो. बोललो म्हणजे, "घरी सगळं बरं ना?" एवढंच विचारलं.

"कुणाच्या घरी?"

"आमच्याच."

"भावजी, तुमच्या घरचं तुम्ही मला विचारता?" मग स्क्रीनकडे बघत— "ताईला तोंड आहे. तुम्हालाही आहे."

याला काही माहीत आहे का? की नेहमीप्रमाणे जीभ चालवतोय?

२२ मार्च

जेवताना ती म्हणाली, "तुझ्या त्या नावांचं कसं चाललंय?" आजवर कधी विचारलं नव्हतं.

"चाललंय."

"काही मजेशीर हाती लागतं का?"

"त्यात मजेशीर काय असणार!"

तिने माझं पाण्याचं भांडं भरलं. ते भरलेलंच होतं. थोडं पाणी सांडलं. दोघांनीही पुसलं नाही.

२५ मार्च

"मॅडम, मालक महिनाअखेरपर्यंत थांबतील. पुढे दुसरं गिऱ्हाईक आहे."

ही पेटी जोडलीच नसती तर? मला काही कळलं नसतं. घर जसं आहे तसंच असतं. पण घर कसं आहे, तेच तर मला कळेनासं झालंय.

२६ मार्च

ते नाव लिलावात टाकलं. कुणाला न विचारता. मेहुण्याला मागाहून सांगितलं, पडून असलेला माल काढतोय.

"ताईच्या कंपनीचं?"

"मग?"

"काही नाही. मालक तुम्ही." नंतर दिवसभर गप्प होता. हा माणूस गप्प बसू शकतो!

२८ मार्च

दोघं भिडले होते. लिलावात बोली लावणाऱ्याचं नाव दिसत नाही, नुसता रंगीत ठिपका दिसतो. एक हिरवा, एक जांभळा. ते कशासाठी झगडतायत ते त्यांनाही ठाऊक नाही. घड्याळ संपत आलं तेव्हा मला धडकी भरली. वाटलं, आपणच बोली लावावी, परत घ्यावं. लावून पाहिली. आपल्याच मालावर बोली चालत नाही, असं यंत्राने फार अदबीने सांगितलं.

जांभळा थांबला. हिरव्याला गेलं.

सुटलो! उठून चहा टाकला, दोघांचा. ती यायची होती अजून. माझा प्यायलो. तिचा झाकून ठेवला.

२९ मार्च

उद्या ताबा द्यायचा. मग तिचे मेल हिरवा वाचणार. एक परका माणूस, कुठे राहतो तेही माहीत नाही, त्याला तिच्याबद्दल माझ्यापेक्षा जास्त कळणार. मी हे काय करून बसलो? की बरंच केलं?

आज विचारणारच होतो. ती इस्त्री करत होती. आपले कपडे झाल्यावर माझाही शर्ट घेतला. जवळ जाऊन उभा राहिलो.

"काय रे?"

"उद्या सुट्टी आहे का तुला?"

"नाही." मग बराच वेळ कॉलरवरच इस्त्री फिरवत राहिली.

३० मार्च

ताबा देण्याआधी पेटी उघडली. एकच मेल. तिचा. स्वतःच्याच कंपनीच्या चुकलेल्या पत्त्यावर.

"हे नाव तुमच्याकडे आलंय ते मला भावाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. एजंटना पत्ता मी मुद्दाम असा दिला. मला तोंडाने सांगायला जमत नव्हतं. वाटलं, तू वाचशील, मग विचारशील. विचारलं असतंस तर कदाचित गेले नसते, माहीत नाही. तू विकून टाकलंस. जागा घेतली आहे. रविवारी सामान नेते. तोपर्यंत घरीच आहे."

ती आतल्या खोलीत आहे. दार उघडं आहे. आणि मी इथे बसून हे लिहितोय.