डाव्या तोंडाचा शंख

रविवार, १ जुलै १९७३

आजपासून रोजनिशी. कुणी वाचण्यासाठी नाही. (वाचलीच तर खाडाखोडीकडे दुर्लक्ष करावे.)

काल आमच्या झूलॉजी डिपार्टमेंटच्या दारावर नवा बोर्ड लागला. सगळ्या लेक्चररांची नावे, पांढऱ्या ऑइलपेंटात. माझे नाही. डेमॉन्स्ट्रेटरांची नावे लिहायची पद्धत नाही म्हणे. हंबीरराव माझ्या मागून आला, बेडूक कसा टाचायचा ते त्याला मी शिकवले, त्याचे नाव दुसऱ्या ओळीत. मला काही वाटले नाही. बोर्ड पुन्हा पुन्हा वाचला तो फक्त शुद्धलेखन तपासायला. चूक सापडली नाही.

संकल्प : वर्षाच्या आत त्या बोर्डावर माझे नाव. त्यासाठी काहीतरी शोध लावणे. कसला, ते उद्या ठरवीन.

मंगळवार, ३ जुलै

काल ठरवायचे राहिले. धोबी आला होता.

आज लायब्ररीतून समुद्री गोगलगायींवरचे जाडजूड इंग्रजी पुस्तक आणले. वीस वर्षांत कुणी नेलेले नाही. कवचावरून जात कशी ओळखायची ते सगळे आत आहे. कोल्हापूरला समुद्र नाही, म्हणजे स्पर्धाही नाही. प्रस्तावना सोडली. प्रस्तावना नवशिक्यांसाठी असते.

एक वाक्य मात्र डोक्यात बसले. जवळजवळ सगळ्या शंखांचे तोंड उजव्या बाजूला असते. डाव्या बाजूला तोंड असलेला लाखात एखादा.

गुरुवार, ५ जुलै, सकाळी

सौ.ला ताप, म्हणून पूजा मी केली. देव्हाऱ्यातला शंख हातात घेतला, सगळे धरतात तसाच. पाणी सोडायची तोटी वर, पिळाचे टोक खाली. आणि बघतो तर काय, तोंड डावीकडे!

देव तसेच ताम्हनात राहिले. सौ.ने आतून विचारले की आंघोळी झाल्या का देवांच्या. लाखातला एक माझ्या घरात, आणि इतकी वर्षे आम्ही त्याने पाणी घालतोय.

शुक्रवार, ६ जुलै

शंख टॉवेलात गुंडाळून कॉलेजात नेला. सौ.ने माझ्या नावाने शंख केला. म्हणाली, द्येवाचा हाय त्यो, माझ्या आईनं लग्नात दिलेला, बेडकांच्या बाटल्यांत नेऊन ठेवू नगा. म्हटले, बोर्डावर नाव लागले की परत आणतो. म्हणाली, मग गेलाच म्हना की.

लॅबमधला निसार म्हणाला, सर, शंखच हाय की ह्यो. त्याला समजावले की सामान्य माणसाला शंख दिसतो, शास्त्रज्ञाला जात दिसते. तो म्हणाला, व्हय व्हय, आणि चहा आणायला गेला. चांगला माणूस आहे. पण दृष्टी नाही.

सोमवार, ९ जुलै

लक्षणे तपासली. आतल्या दांड्यावर घड्या : चार. पुस्तकात साध्या शंखालाही तीन किंवा चार. गैरसोयीचे आहे. जाडी, वजन, पिळांची ठेवण, तोटीची लांबी, सगळे साध्या शंखासारखेच. फक्त तोंड उलट बाजूला. म्हणजे फरक एकच, पण केवढा! ही नवी जातच.

पुस्तकातली सगळी चित्रे टोक वर आणि तोटी खाली करून छापली आहेत. इंग्रजांना पूजा कुठून माहीत असणार? असो. त्याने काही फरक पडत नाही. हापूस कसाही धरला तरी हापूसच.

गुरुवार, १२ जुलै

नाव ठरले. टर्बिनेला सयाजी. पहिला शब्द पुस्तकातला, शंखाचा; दुसरा मी. आधी आईचे नाव द्यावे असे मनात आले होते, पण तिनेच लहानपणी सांगितले होते की आपले नाव कर म्हणून.

म्युझियमच्या पद्धतीप्रमाणे नमुन्यावर चायना इंकने नाव लिहिले. पोटावर, ठळक, इंग्रजीत. वर वार्निशचे दोन हात. शाई शंभर वर्षे जाऊ नये, असा नियम आहे. दुसरा हात वाळेस्तोवर बघत बसलो. खोटे कशाला लिहू, डोळे भरून आले.

रविवार, १५ जुलै

कुरुंदवाडहून सासूबाई आल्या. झुंबरबाईंचा आवाज एस.टी. थांबायच्या आधी पोचतो. देव्हाऱ्यात शंखाची रिकामी अडणी बघून म्हणाल्या, शंख कुठं गेला? सौ. पंचपात्रीने देवाला पाणी घालत होती. तिने पंचपात्रीनेच माझ्याकडे दाखवले.

मी सासूबाईंना डाव्या तोंडाचे महत्त्व सांगितले. त्या म्हणाल्या, जावईबापू, असलं डावं शंख जोतिबाच्या डोंगरावर दुकानादुकानांत पडल्याती. उजवा गावला तर सांगा, त्याची पूजा घालू.

हसलो. म्हाताऱ्या माणसाशी वाद घालू नये. शास्त्र नेमके उलट सांगते, हे त्यांना कोण सांगणार?

शुक्रवार, २० जुलै

प्रिन्सिपॉलना भेटलो. पुढच्या शनिवारी, २८ला, हॉलमध्ये माझे व्याख्यान. शोध खरा ठरला तर बोर्डाचे काय, असे सहज विचारले. म्हणाले, बघू. म्हणजे हो. नाही असते तर नाही म्हणाले असते.

जिन्यात हंबीरराव भेटला. म्हणाला, सयाजीराव, पुस्तकाची प्रस्तावना वाचलीय न्हवं? जळतोय. त्याला म्हटले, प्रस्तावना तुम्ही वाचा, प्रकरण आम्ही लिहितो. दिवसभर या वाक्यावर खूश.

पेंटरला बोर्डापाशी उभा करून तिसऱ्या ओळीत जागा आहे का विचारून ठेवले. आहे.

शनिवार, २८ जुलै, संध्याकाळी

लिहायचे नव्हते. पण नियम म्हणजे नियम.

हॉल भरला होता. पुढच्या रांगेत प्रिन्सिपॉल, हंबीरराव, सौ. नव्या लुगड्यात, शेजारी सासूबाई. पुस्तकाचे पान पडद्यावर दाखवायचे यंत्र निसारकडे. मी शंख उंच धरला. तोटी वर. म्हटले, सभ्य स्त्रीपुरुषहो, याचे तोंड डावीकडे. आता पडद्यावर साधा शंख बघा. त्याचे तोंड उजवीकडे. टाळ्या पडल्या. तिथेच थांबायला हवे होते.

मागून एक विद्यार्थी म्हणाला, सर, तुमचा शंख आन् पडद्यावरचा उलटसुलट हाय, दोन्ही सारखं धरा की. खरेच, पडद्यावर टोक वर होते. दिसायला बरे नव्हते. मी निसारवर ओरडलो की पुस्तक उलटे ठेवलेस, फिरव. तो म्हणाला, सर, अक्षरं तर सुलटी हायती. मी म्हटले, अक्षरांचे मला सांगू नकोस, फिरव!

त्याने फिरवले.

तोटी वर आली. टोक खाली गेले. आणि तोंड डावीकडे गेले. पडद्यावर माझाच शंख. घडी नि घडी. खाली अक्षरे डोक्यावर उभी. प्रिन्सिपॉलनी ती वाचायला मान वाकडी केली. मग हंबीररावाने. मग सगळ्या हॉलने. अक्षरे इंग्रजी, अर्थ असा : साधा शंख, सर्वत्र आढळणारा. पाहताना टोक नेहमी वर धरावे, प्रस्तावना पाहा.

हसायला कुणी सुरुवात केली ते कळले नाही. सासूबाईंचा आवाज तेवढा ओळखला. म्हणत होत्या, डावाच हाय, म्या म्हनलं न्हवतं?

रविवार, २९ जुलै

डोके दुखते. चूक यंत्राची. शिवाय निसारने इतक्या चटकन ऐकायला नको होते. एरवी चहा आणायला तास लावतो.

प्रस्तावना वाचली. दीड पान आहे.

बुधवार, १ ऑगस्ट

पेंटर भर व्हरांड्यात विचारत होता, तिसऱ्या ओळीचं काय करायचं, साहेब? म्हटले, सध्या राहू दे. हंबीरराव ऐकत होता. हसला नाही. हसला असता तर बरे झाले असते.

रविवार, ५ ऑगस्ट

शंख घरी आणला. सौ.ने राख लावली, चिंच लावली, घासलेट लावले. शाई जाईना. वार्निश मीच दिले होते, दोन हात.

सकाळी तिने शंख अडणीवर ठेवला. अक्षरे समोर आली. मी गुपचूप भिंतीकडे फिरवला. तिने परत समोर केला. विचारले, काय लिवलंय ह्यावर? तिला इंग्रजी येत नाही. काहीही सांगता आले असते. जंतूंचे नाव, औषधाचे नाव.

म्हटले, माझं नाव आहे.

तिने पदराने शंख पुसला. मग म्हणाली, मग ऱ्हाऊ दे की. आणि शंखात पाणी भरून देवाच्या डोक्यावर सोडले. मी घंटा वाजवली.