आधी स्वतःचं नाव सांगा

प्रिय आत्याबाई,

काल गंगेवर तुमचा दहावा झाला. पिंडाला कावळा लगेच शिवला, पण माणसांचं बोलणं काही आवरेना. तुमचे पुतणे रावसाहेब माइक धरून म्हणाले, "काकू शेवटपर्यंत हसतमुख होत्या." हसतमुख! मी तुमची सून, एका घरात राहून मला तुमचं हसू दिसेना, आणि दिवाळीच्या फराळापुरत्या उगवणाऱ्या या माणसाला ते कुठे दिसलं? फ्लेक्सवर! तो फोटोही नातीच्या लग्नातला, शेजारच्या विहीणबाईंना कापून काढलेला. चारचौघांत गप्प बसले, म्हणून आज लिहायला बसलेय.

तुमचं हसू पंचवटीच्या बाजारात राहिलं, आत्याबाई. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधून तुम्ही तिथे बसायचात, गिऱ्हाइकांशी भांडायचात, आणि घरी यायचात तेव्हा घसा बसलेला, पण चेहरा कसा टवटवीत! मग बंगला झाला आणि तुमच्या चिरंजिवांना, म्हणजे आमच्या मालकांना, लाज वाटायला लागली. "बंगल्याची मालकीण गोणपाटावर बसती, लोकं काय म्हणतील?" तुम्हाला सोफ्यावर बसवलं, समोर भिंतीएवढा टीव्ही लावला. आईला काय कमी आहे, असं येईल त्याला सांगत सुटले.

तुम्ही वेणी घालेनाशा झालात. ताटात निम्मं टाकायला लागलात. मग भाजीत दोनदा मीठ पडू लागलं, गॅस चालूच राहू लागला. मी म्हटलं, डॉक्टरला दाखवू. "आई काय येडी हाय का? भावकीत तोंड दाखवायला जागा नाय राहायची." वाहवा! गाईनं एक दिवस चारा सोडला तर हा माणूस गुरांच्या डॉक्टरला गोठ्यात आणून उभा करतो. आईनं जेवण सोडलं, तर वय झालं!

आणि ती परीक्षा! येणारा प्रत्येक पाहुणा चहाच्या आधी तुमच्यासमोर वाकायचा, "ओळखलं का? सांगा बरं, मी कोण?" तुम्ही पदराचं टोक चुरगाळत खाली बघायचात आणि सगळे दात काढायचे. आयुष्यात कधी धड पास न झालेले लोक तुमचे परीक्षक! एकदाच तुम्ही रावसाहेबांना सुनावलंत, "तुला वळखून काय करू? तू कवा आला व्हता मला भेटाया?" मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर हसले. त्यांनी मात्र गावभर सांगितलं, काकूंना भ्रम झालाय.

पण राग तुमच्यावरही आहे हं. एका जुडीसाठी सगळा बाजार डोक्यावर घेणारी बाई लेकापुढे गप्प का बसली? एकदा तरी म्हणायचं होतंत, मी जाणार, काय करायचं ते कर!

शेवटी मी भांडून तुम्हाला नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मन खचलंय आणि विसरही पडतोय, दोन्ही एकमेकांत गुंतलंय. विसरणं पूर्ण जाणार नाही, पण उदासीवर औषध आहे. आधी आणायला हवं होतं." गोळ्या सुरू झाल्या. तुम्ही एकदा आपणहून भाकरी मागितलीत, आठवतं? तेवढ्यात रावसाहेबांनी फोनवरून सल्ला दिला, गोळ्यांची सवय लागते. मालकांनी गोळ्या बंद केल्या. रावसाहेबांचं दुकान पाइपांचं आहे, आत्याबाई! त्यानंतर तुम्ही जेवण सोडलंत ते सोडलंतच.

काल पंगत उठल्यावर हेच रावसाहेब माझ्या सासऱ्यांपुढे, मामांपुढे वाकले. "काका, ओळखलं का?" मामांनी खाली मान घातली. तुमच्या आजारपणापासूनच ते भिंतीकडे तोंड करून पडून असतात. मालक म्हणाले, "आता त्यांचंबी वय झालं." तेच शब्द! माझ्या हातातलं पातेलं आपटलं, ते मुद्दाम आपटलं.

संध्याकाळी ताट घेऊन गेले आणि म्हटलं, "मामा, मी सुनंदा."

"सुनंदाच हाये ना. मला काय दिसत नाय का?" मग ताट बाजूला सारून म्हणाले, "मी जेवल्याबिगर ती घास घेत नव्हती. आता जेवून काय करू?"

मामा कुणालाही विसरलेले नाहीत, आत्याबाई. त्यांना उत्तर द्यावंसंच वाटत नाही. मला रडू आलं, आणि या सगळ्या शहाण्यांची शिसारी आली.

म्हणून शब्द देते. उद्या सकाळी मी मामांना त्याच डॉक्टरीणबाईंकडे नेतेय. मालकांनी गाडी काढली तर ठीक, नाहीतर रिक्षा आहे. गोळ्या माझ्या कपाटात राहतील, किल्ली माझ्याकडे. मेथीचा वाफा काढणीला आलाय. जुड्या मामा आणि मी बांधू आणि तुमच्या गोणपाटावर बाजारात बसू. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू देत.

आणि यापुढे आपल्या उंबऱ्यातून आत येणाऱ्यानं मामांना आधी स्वतःचं नाव सांगायचं. रावसाहेबांनीसुद्धा. नाहीच सांगितलं, तर चांगली ओळखत असूनही मी दार अडवून विचारीन, "आपण कोण?"

तुमची,
सुनंदा