पोस्टरवरच्या मुलाची पुढची सोय

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, व्यवसाय लाँड्री, राहणार त्याच लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दडपणाचं म्हणाल तर दोघांनी आणून पाहिलं. ते दोघे पुढे येतीलच.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केलं होतं. त्यात घर आणि लाँड्री स्वमग्न मुलांच्या कुटुंबांसाठी काम करणाऱ्या संस्थेला दिली होती. ते मृत्युपत्र या लिखाणाने रद्द समजावं. ते का केलं आणि का मोडलं हे सांगितल्याशिवाय पुढच्या कलमांचा अर्थ लागायचा नाही, म्हणून वकील नको म्हणत असतानाही सगळं लिहिते.

कलम १. मला एकच मुलगा. वय एक्केचाळीस, उंची दाराच्या चौकटीएवढी, दाढी दाट. बोलतो मोजकं, आणि खोटं अजिबात बोलत नाही. हॉटेलांच्या चादरींच्या घड्या घालण्याचं काम तो करतो. रस्ता एकट्याने ओलांडत नाही, घरात एकटा राहू शकत नाही. माझ्या पश्चात हा कुठे राहणार, एवढ्या एका प्रश्नासाठी हा कागद आहे. बाकी सगळं किरकोळ.

कलम २. संस्थेविषयी. ती सुरू झाली माझ्या वाळवणाच्या खोलीत. लाँड्रीच्या सुट्टीच्या दिवशी अशी मुलं असलेली चार-सहा घरं जमायची. मुलं टांगलेल्या चादरींमधून पळायची, कुणी ओल्या कापडात तोंड खुपसून बसायचं, कुणी ओरडायचं, आणि "याला काय झालं?" असं विचारणारं तिथे कुणी नसायचं. आयांना चहा गरम असताना प्यायला मिळायचा. एवढंच आमचं कार्य. मग अध्यक्षबाई आल्या. त्यांच्या घरात असं मूल नाही, पण समाजसेवेची हौस दांडगी. आपण हे मोठं करू, म्हणाल्या. झालं मोठं. वाळवणाच्या खोलीतून सभागृहात गेलं आणि सभागृहातून हॉटेलात. बाईंना आयुष्यभर नाव छापून आणायची सवय आहे, म्हणून इथे त्यांचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही.

सुरुवातीला त्यांनी माझ्याकडे मुलाचा एक फोटो मागितला. सहा वर्षांचा असताना बागेतल्या सीसॉवर बसून हसतोय, असा. मी कौतुकाने दिला. तेव्हापासून तो फोटो पोस्टरवर आहे, जेवणाच्या कुपनांवर आहे, देणगीच्या पेट्यांवर आहे. मुलगा वाढला, फोटो काही वाढला नाही. मध्यंतरी मी दाढीवाला नवा फोटो नेऊन दिला, तर "बघू" म्हणाल्या. अजून बघताहेत.

त्यांचे उपक्रम सांगते. चित्रांचा लिलाव. चित्र स्वयंसेविका काढायच्या, मुलाच्या हातात ब्रश धरवून कोपऱ्यात एक फराटा मारून घ्यायच्या आणि खाली मुलाचं नाव लिहायच्या. माझ्या मुलाने म्हणे समुद्रातला सूर्यास्त काढला. ज्याला हाताला रंगाचा ठिपका लागलेला खपत नाही, तो सूर्यास्त कसला काढतोय? मग सहल. बसच्या खिडक्यांवर देणगीदाराचा फलक असा ताणून बांधला होता की मुलांना जाताना-येताना बाहेरचं काही दिसलं नाही. भाषणात "ही तर देवाची लेकरं" म्हणायचं आणि त्यातलं एखादं लेकरू जवळ आलं की पर्स छातीशी धरायची, अशी एकूण तऱ्हा. स्वतः एक दिवस एकही मूल सांभाळलं नाही, पण उंटावरून शेळ्या हाकायला बाई सर्वांच्या पुढे.

हे सगळं दिसत असताना मी घर त्यांना का लिहून दिलं? कारण "ताई, तुमच्यानंतर तो आमचा" असं त्या म्हणाल्या, आणि हे वाक्य माझ्याशी दुसरं कुणीच बोललं नव्हतं.

कलम ३. गेल्या वर्षी निधी जमवण्यासाठी हॉटेलात जेवण होतं. दारातच तो फोटो माणसाएवढा मोठा करून उभा केला होता. माझा मुलगा त्याच्यासमोर थांबला, त्यावर तळवा ठेवला आणि म्हणाला, "मी." दारवानाने त्याचा दंड धरला. कुणी धरलेलं त्याला सहन होत नाही, तो ओरडला. अध्यक्षबाई आल्या. पाहुण्यांकडे हसत हसत मला हळूच म्हणाल्या, "ताई, लोक यायला लागलेत. ह्याला जरा मागच्या खोलीत बसवा ना. त्यांच्या डोळ्यासमोर लहान मूल असतं हो."

मागच्या खोलीत मोडक्या खुर्च्या होत्या आणि आमची सगळी मुलं होती. बाहेर बँडचा ढोल असा वाजत होता की कान झाकून झाकून मुलं रडकुंडीला आलेली, म्हणून त्यांनाही मागे पाठवलेलं. ज्यांच्या नावाने जेवण, ती अडगळीत, आणि बाहेर त्यांच्या नावाने लोक दुसऱ्यांदा वाढून घेताहेत.

तिथे कटकट होती. हे तिचं खरं नाव नव्हे, पण तिच्या पाठीमागे सगळे तिला हेच म्हणतात आणि तिला ते ठाऊक आहे. तिची मुलगी पंचविशीची, बोलत नाही, नुसती गुणगुणते. कटकटशी मी कित्येक वर्षं बोलत नव्हते, कारण मी मुलाला लाडावून ठेवलंय असं तिने भर सभेत सांगितलं होतं. माझ्या मुलाने स्वतःच्या डोक्यावर हात मारून घ्यायला सुरुवात केली तशा स्वयंसेविका दाराबाहेर झाल्या. कटकटने कोपऱ्यातला टेबलक्लॉथचा गठ्ठा त्याच्यासमोर लोटला आणि म्हणाली, या सगळ्या घड्या वाकड्या आहेत. त्याने बघितलं. खरंच वाकड्या होत्या. तो खाली बसला आणि पहिली घडी उलगडली.

मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "तू मेल्यावर हा कुठे राहणार? ठरवलंयस काही?"

मी ऐटीत सांगितलं की घर संस्थेला लिहून दिलंय, संस्था याला सांभाळणार.

"म्हणजे अशाच मागच्या खोलीत," ती म्हणाली.

बाहेर कुणाच्या तरी सत्काराच्या टाळ्या चालल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी मी वकिलांकडे गेले.

कलम ४. सबब माझं राहतं घर, खालची लाँड्री, धुलाईची यंत्रं, वाफेच्या इस्त्र्या आणि रोलर यांचा ताबा माझ्या पश्चात कटकटकडे जाईल. अट एकच : तिने मुलीसह इथे राहायला यावं आणि माझा मुलगा हयात असेपर्यंत त्याने याच घरात, पुढच्या खोलीत राहावं. खिडकी असलेल्या पुढच्या खोलीत, असं वकिलांकडून वेगळं लिहून घेतलं आहे. बँकेतली बचत मुलाच्या नावे राहील आणि तिच्यावर आमचे डॉक्टर लक्ष ठेवतील.

कटकटवर माझा फार जीव आहे असा गैरसमज नसावा. ती चहा पाणचट करते, दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देत नाही आणि चिकटपणात तिचा हात धरणारं कोणी नाही. पण माझ्या मुलासमोर ती आवाज गोड करत नाही. तिला विचारलं तेव्हा म्हणाली, तुझा जिना फार उभा आहे. हा तिचा होकार. मग साक्षीदार म्हणूनही सही करते म्हणाली. ज्याला मिळणार त्याने साक्ष द्यायची नसते, असं वकिलांनी सांगितल्यावर तिने त्यांच्याशीही वाद घातला.

वाळवणाची खोली सुट्टीच्या दिवशी पूर्वीसारखी उघडी ठेवावी. ज्यांच्या घरी असं मूल आहे, लहान किंवा दाढीवालं, त्यांनी यावं. माइक, फलक, गुच्छ आणि भाषण यांना बंदी आहे.

कलम ५. माझे धाकटे दीर. हे वर्षातून एकदा येतात, दाराजवळच्या घडीच्या खुर्चीवर पिशवी मांडीत घेऊन बसतात, आणि माझ्या मुलाने आणलेलं पाणी पीत नाहीत. "वहिनी, जिना चढवतो ना अजून?" असं विचारतात. ताकाला जाऊन भांडं लपवायची यांची जुनी खोड. मुलाला लांबच्या कुठल्याशा आश्रमात टाकायचं आणि घर भाड्याने द्यायचं, हे त्यांनी जावेला सांगितलं आणि जावेच्या पोटात काही राहत नाही. आयत्या बिळावर नागोबा होण्याची त्यांची इच्छा पुरी होणार नाही. ती घडीची खुर्ची मात्र त्यांना द्यावी. इतकी वर्षं त्यांनीच वापरली आहे. अन्य कशावरही त्यांचा हक्क किंवा हितसंबंध राहणार नाही.

कलम ६. संस्थेचे टेबलक्लॉथ मी आजवर फुकट धुतले. त्या शेवटच्या जेवणाचा गठ्ठा माझ्या कपाटात आहे. तो न धुता अध्यक्षबाईंच्या घरी पोचता करावा. मुलाचा फोटो सर्व ठिकाणांहून काढावा. माझ्या नावाने शोकसभा घेऊ नये, आणि माझ्या तसबिरीखाली देणगीची पेटी दिसली तर वकिलांनी नोटीस द्यावी. त्यांची फी त्यांना आधीच पोचली आहे.

कलम ७. हे शेवटचं, आणि यात कुणी शहाणपणा करू नये.

माझे यजमान गेले तेव्हा मी त्यांच्यापाशी इस्पितळात होते. घरी मुलाला सांगायचं काम दिरांनी अंगावर घेतलं. खरं बोलायचा धीर झाला नाही, म्हणून त्यांनी सांगितलं की बाबा कामासाठी बाहेरगावी गेलेत, येतील. घाबरेल म्हणून त्याला वडिलांना पाहूही दिलं नाही. जो स्वतः खोटं बोलत नाही, त्याला दुसरा बोलत असेल हे कळत नाही. मी नंतर किती वेळा खरं सांगितलं, पण पहिलं ऐकलेलं पुसलं गेलं नाही. आजही संध्याकाळी लाँड्रीचं शटर ओढायला गेलं की तो खाली हात घालतो आणि म्हणतो, "बाबा बाहेर आहेत." आम्ही थांबतो. काही वेळाने तो हात काढून घेतो. यजमानांना जाऊन पंधरा वर्षं झाली. दिरांना या गोष्टीची मी कधीही क्षमा केलेली नाही, मेल्यावरही करणार नाही.

म्हणून माझ्या वेळी असं करावं. मला झाकून ठेवू नये. मुलाला माझ्याजवळ आणावं, हवा तेवढा वेळ बसू द्यावं, माझा गार हात धरू द्यावा. ओरडला तर ओरडू द्यावं. झोपली, देवाघरी गेली, येईल, यांतलं काहीही कुणी बोलू नये. ज्याला राहवत नाही त्याने जिना उतरावा. कटकटने त्याला तिच्या नेहमीच्या कोरड्या आवाजात सांगावं : आई मेली. आता येणार नाही.

त्या संध्याकाळी शटर त्यालाच ओढायला लावावं. त्याने खाली हात घातला तर सांगावं, बाहेर आता कोणी राहिलेलं नाही.

लिहून ठेवणार : (सही) लाँड्रीची मालकीण, मुलाची आई

आमच्यासमोर सही केली, आणि आम्ही एकमेकांसमोर :
साक्षीदार १ : (सही) घरचे डॉक्टर
साक्षीदार २ : (सही) लाँड्रीतले इस्त्रीवाले

ठिकाण : राहतं घर, पुढची खोली
दिनांक : सोळा, मंगळवार, लाँड्रीच्या सुट्टीचा दिवस