विहिरीतला वायू

३ जानेवारी १९९१, देवपूर

दाब उतरला! ओल्या कोळशाने वायू गिळला! कपाशीच्या पऱ्हाट्या जाळून केलेला कोळसा, पात्राभोवती बर्फ-मीठ, खाजाभाईंच्या सोडा फॅक्टरीतून आणलेलं कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर — भरपूर दाब दिला आणि थोड्या वेळाने काटा मुकाट खाली. कोळशाच्या बारीक बारीक भोकांत पाणी गोठून इवल्या खोल्या बांधतं आणि खोलीत वायूचा कण जाऊन बसतो. दिवसभर मी त्या खोल्यांतूनच हिंडत होते. दोनदा चहा निवला.

५ जानेवारी

गाईड सर म्हणाले, "पुन्हा करून दाखवा." दाखवते की!

९ जानेवारी

पुन्हा जमलं! पात्र उघडून तो काळा गार गोळा कानाशी धरला — फुसफुस, फुसफुस. कोंडलेला वायू सुटत होता. खाजाभाई हसले, "मॅडम, ये तो सोडाच हुआ!" हसू देत.

मला माझा थोरला भाऊ, अभिमनदादा आठवला. आमच्या बंद विहिरीत गाळ काढायला उतरला, तो याच वायूने गेला. उतरण्याआधी कंदील सोडतात — विझला तर कुणी उतरत नाही. वडील, आबा, तेव्हापासून एवढंच सांगत आले, कंदील जळत होता. मग दादा गुदमरला कसा? ते कळावं म्हणून तर केमिस्ट्री घेतली. अजून कळलेलं नाही.

१५ जानेवारी

संक्रांतीला घरी जाऊन आले. आबांना सगळं सांगितलं — बर्फाच्या खोल्या, आत बसलेला वायू. ते डोळे मिटून ऐकत होते.

"अभिमनले लागना तोच वायू का?"

दहा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून दादाचं नाव!

"आनि तुना बरफ त्याले पी टाकस?"

हो म्हटलं. किती आनंदाने म्हटलं! परतताना बसमध्ये खिडकीशी बसून एकटीच हसत होते. सगळ्या विहिरी गार, स्वच्छ, कुणीही खुशाल उतरावं — असलं काहीबाही डोळ्यांपुढे.

२० जानेवारी

गावाहून तोतारामनाना सकाळीच दारात. "पोरी, तुना बाप हीर उघाडी ऱ्हायना. बरफन्या लाद्या लई गया!"

अरे देवा! आबा विहीर उघडून आत उतरणार! दाबाचं मी बोललेच नाही. नुसता बर्फ टाकून काही होत नाही! एसटी पकडते.

संध्याकाळ

पोचले तेव्हा आबा काठावर उभे, कमरेला दोर. लाद्या खाली सोडून झाल्या होत्या.

"कंदील सोडला का?"

"काय गरज शे? बरफ शे ना!"

मी ओरडले, रडले, त्यांचा दोर घट्ट धरला. शेवटी कंदील मीच सोडला. अर्ध्यावर गेला आणि विझला. वर ओढला तर आबा त्याच्याकडे बघतच राहिले. मग कमरेचा दोर त्यांनी आपणहून सोडला.

२१ जानेवारी

आत्ता आबा माझ्याजवळ येऊन बसले, म्हणाले — "त्या दिन बी कंदील सोडेल नव्हता."